परवडणाऱ्या लांब पल्ल्याच्या विद्युत मोटारीची प्रतीक्षा : सरोजिनी नगरच्या निमित्ताने

टिकाऊ उपभोग्य वस्तूंच्या बाजारपेठेचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे ग्राहकाला 'घ्यावे की न घ्यावे' या प्रश्नाबरोबर 'आज घ्यावे की थांबावे' हा दुसरा प्रश्नही सोडवावा लागतो. धान्य, भाजीपाला, औषधे यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र पुढील वर्षी येऊ घातलेली मोटार ही आजच्या मोटारीची प्रतिस्पर्धी असते, आणि ती अद्याप कोणी पाहिलेली नसल्यामुळे तिच्यात दोषही नसतात. भारतातील विद्युत मोटारींची बाजारपेठ दीर्घकाळ या प्रतीक्षेच्या छायेत आहे. किंमत दहा लाखांच्या आत आणि एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष रस्त्यावर तीनशे किलोमीटरचा पल्ला, अशी मोटार मध्यमवर्गाला हवी आहे. ती येणार असे सांगितले जाते, आणि ग्राहक थांबतो.

हे थांबणे अविचाराचे आहे, असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. थांबणाऱ्याचे गणित बहुतेक वेळा बरोबर असते; तो ज्या वस्तूसाठी थांबला आहे तिचे स्वरूप मात्र तपासून पाहावे लागते. त्यासाठी दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत उदाहरणादाखल घेतली आहे. अपेक्षा, पूरक वस्तू, सार्वजनिक गुंतवणूक आणि अनुदान या संकल्पना परीक्षार्थींना पुस्तकात सुट्यासुट्या भेटतात. येथे त्या एकाच ठिकाणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

सरोजिनी नगरच का?

दक्षिण-पश्चिम दिल्लीतील ही वसाहत पूर्वी विनय नगर या नावाने ओळखली जाई. पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. देशभर हे नाव स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असले, तरी केंद्र सरकारच्या भवनांत कारकुनी सांभाळणाऱ्या हजारो कुटुंबांचे, त्यांत महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्यांचेही, हे राहण्याचे ठिकाण आहे. कार्यालय फार दूर नाही. जाऊन-येऊन वीस किलोमीटरचा हिशेब पुरेसा होतो. ६ ऑगस्ट २०१८ पासून दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनवर सरोजिनी नगर स्थानक सुरू झाले आणि तोही प्रवास अनेकांच्या बाबतीत मोटारीकडून मेट्रोकडे गेला.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या त्या वसाहती होत. १२,९७० जुन्या निवासस्थानांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी निवासस्थाने बांधण्याची ही योजना असून, तीस वर्षांच्या देखभालीसह तिचा अंदाजित खर्च ३२,८३५ कोटी रुपये होता. ३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी सरोजिनी नगरातील टाइप-२ निवासस्थानांचे उद्घाटन केले. २८ इमारती आणि अडीच हजारांहून अधिक सदनिका असे त्यांचे स्वरूप आहे.

टाइप-२ चे निवासस्थान कोणास मिळते, हे येथे पाहणे आवश्यक आहे. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनस्तर २ ते ५ मधील कर्मचारी त्यास पात्र असतात. स्तर २ चे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून आणि स्तर ५ चे २९,२०० रुपयांपासून सुरू होते. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा टियागोची विद्युत आवृत्ती ८ लाख ४९ हजार रुपये या प्रारंभिक किमतीस जाहीर झाली, तेव्हा ती देशातील सर्वांत स्वस्त विद्युत मोटारींपैकी एक गणली गेली. स्तर ५ वर नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्याचे ते २९ महिन्यांचे मूळ वेतन होते. 'परवडणारी' हे विशेषण कोणाच्या संदर्भात वापरले आहे, हे विचारल्याखेरीज ते स्वीकारू नये.

दिल्लीने पाहिलेल्या प्रतीक्षा

प्रतीक्षेचा इतिहास दिल्लीला नवा नाही. १० जानेवारी २००८ रोजी प्रगती मैदानावरील ऑटो एक्स्पोत टाटा नॅनोचे अनावरण झाले. ती पेट्रोलवरील मोटार होती. तरीही अपेक्षेचे अर्थशास्त्र शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. एप्रिल २००९ मध्ये सुमारे २ लाख ३ हजार ग्राहकांनी जवळपास अडीच हजार कोटी रुपये भरून नोंदणी केली, आणि पहिल्या एक लाख मोटारींचे वाटप सोडतीने करावे लागले. त्यानंतर मात्र विक्रीचा सर्वोत्तम वार्षिक आकडा २०११-१२ मधील सुमारे ७५ हजारांचा राहिला, तर साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. नोंदणीची रांग ही त्या क्षणीच्या उत्कंठेची मोजणी असते. दरवर्षी टिकणारी मागणी तिच्यावरून काढता येत नाही.

विद्युत मोटारीचा एक सुरुवातीचा प्रयत्न बंगळूरच्या रेवा कंपनीने २००१ मध्ये केला होता. ही कंपनी २०१० मध्ये महिंद्र समूहाने घेतली आणि तिची पुढील मोटार, ई-टू-ओ, मार्च २०१३ मध्ये दिल्लीतच बाजारात आणली. पल्ला सुमारे शंभर किलोमीटरचा होता. त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय विद्युत गतिशीलता अभियान योजनेने २०२० पर्यंत ६० ते ७० लाख संकरित व विद्युत वाहनांचे लक्ष्य ठेवले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही आणि ई-टू-ओही फारशी विकली गेली नाही.

तिसरा प्रसंग या लेखाच्या विषयाशी सर्वांत निकटचा आहे. २०१७ मध्ये ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक उपक्रमांच्या संयुक्त कंपनीने, म्हणजे एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड अर्थात ईईएसएलने, सरकारी कार्यालयांसाठी दहा हजार विद्युत मोटारींची निविदा काढली. टाटा मोटर्सची १०.१६ लाख रुपयांची (वस्तू व सेवा कर वगळून) बोली सर्वांत कमी ठरली. महिंद्रनेही तिच्याशी बरोबरी करून काही वाटा मिळवला. मोठी घाऊक खरेदी करून किंमत खाली आणावी, हा त्यामागील विचार होता. एलईडी दिव्यांच्या उजाला योजनेत त्याच कंपनीने तो यशस्वी करून दाखवला होता. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा घाऊक खरेदीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांपर्यंत उतरला होता.

मोटारीच्या बाबतीत हे घडले नाही. शहरातील प्रत्यक्ष वापरात एका चार्जिंगमध्ये ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरच मिळतात, अशा अधिकाऱ्यांच्या तक्रारी २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून आल्या, आणि प्रत्यक्ष उठाव दहा हजारांच्या खूपच मागे राहिला. या अपयशाचे खापर सामान्यतः लहान बॅटरीवर फोडले जाते. मला ते कारण अपुरे वाटते. एलईडी दिवा स्वस्त झाल्याबरोबर घराघरांत पोहोचला, कारण तो लावायचा होल्डर प्रत्येक घरात आधीपासून होता. पूरक वस्तू जागेवर होती. मोटारीचा होल्डर म्हणजे ती जेथे रात्रभर उभी राहते तेथील विजेचा प्लग. तो नव्हता. ज्या मोटारीला संध्याकाळी परतल्यावर चार्जिंग मिळते, तिला ऐंशी किलोमीटर दिल्लीच्या कार्यालयीन कामासाठी पुरू शकतात. ज्या मोटारीला ते मिळण्याची खात्री नाही, तिला दीडशेही कमी पडतात.

थांबण्याचे गणित

आता प्रतीक्षेचा हिशेब मांडू. पेट्रोलचा दर लिटरला ९६ रुपये आणि शहरातील सरासरी लिटरमागे १६ किलोमीटर धरल्यास इंधनखर्च किलोमीटरला ६ रुपये येतो. विद्युत मोटार एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॉट-तासात, ६ किलोमीटर जाते असे मानू. घरच्या मीटरवर युनिटचा दर ८ रुपये धरला, तर खर्च किलोमीटरला १.३३ रुपये, खासगी जलद चार्जिंग केंद्रावर दर २० रुपये धरला, तर ३.३३ रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकाने आपल्या शहराचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

वर्षाला ८,००० किलोमीटर मोटार चालवणाऱ्या कुटुंबाची वार्षिक बचत घरी चार्जिंग असल्यास ३७,३६० रुपये आणि नसल्यास २१,३६० रुपये होते. विद्युत मोटार तुल्य पेट्रोल मोटारीपेक्षा अडीच लाख रुपयांनी महाग असेल, तर व्याज न धरताही जादा किंमत भरून निघण्यास पहिल्या कुटुंबास सुमारे पावणेसात आणि दुसऱ्यास पावणेबारा वर्षे लागतात. मोटार तीच, कुटुंबाचे उत्पन्नही तेच. फरक फक्त भिंतीतल्या प्लगचा आहे.

याच कुटुंबास पुढील वर्षी तीच मोटार पन्नास हजारांनी स्वस्त होईल असे वाटत असेल, तर एक वर्ष थांबण्याचा लाभ पन्नास हजार आणि तोटा, म्हणजे बुडालेली इंधनबचत, एकवीस ते सदतीस हजार. थांबणे शहाणपणाचे ठरते. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचालकाचा हिशेब उलटा येतो. सार्वजनिक केंद्रावरच चार्जिंग केले, तरी त्याची वार्षिक बचत एक लाखाहून अधिक असते. एक वर्ष थांबणे त्यास परवडत नाही. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक विद्युत होती आणि प्रवासी मोटारींत हे प्रमाण जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास होते. या तफावतीचे बरेचसे स्पष्टीकरण वरील हिशेबात आहे. रिक्षावाल्याला पर्यावरणाची अधिक काळजी आणि मध्यमवर्गाला कमी, असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचे कारण नाही.

किंमत उतरेल ही अपेक्षाही निराधार नव्हती. ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या सर्वेक्षणानुसार लिथियम-आयन बॅटरी संचाची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये युनिटमागे एक हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलर झाली. एकूण उत्पादन दुप्पट होत जाते तसतसा एकक खर्च ठरावीक प्रमाणात उतरत जातो, हे निरीक्षण टी. पी. राइट यांनी विमाननिर्मितीबाबत १९३६ मध्ये नोंदवले होते. बॅटरीचा आलेख त्याच वळणाने गेला. यात एक पेच आहे. खर्च उतरण्यासाठी उत्पादन वाढावे लागते, उत्पादन वाढण्यासाठी कोणीतरी आज महाग मोटार घ्यावी लागते, आणि खर्च उतरणार हे ज्यास ठाऊक आहे तो आज घेत नाही.

रोनाल्ड कोस यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात टिकाऊ वस्तूच्या मक्तेदार उत्पादकाची हीच अडचण मांडली होती. त्याचा खरा स्पर्धक म्हणजे उद्याचा तो स्वतःच. उद्या किंमत उतरवण्याचा मोह त्यास आवरणार नाही हे ग्राहक ओळखून असतो. यावर एक उपाय: थांबणाऱ्याचे नुकसान होईल अशी बांधिलकी आजच जाहीर करणे. टियागोची प्रारंभिक किंमत पहिल्या दहा हजार ग्राहकांपुरतीच ठेवली होती. १० ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी दहा हजारांचा आकडा पूर्ण झाला. गंमत अशी की, त्यानंतर ती सवलत आणखी दहा हजार ग्राहकांना देण्यात आली. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण मुदत वाढते हे एकदा ग्राहकाने पाहिले की पुढच्या वेळी तो मुदतीला तितका घाबरत नाही.

पल्ला म्हणजे काय विकत घेतले जाते?

कंपनीने सांगितलेला पल्ला आणि रस्त्यावर मिळणारा पल्ला यांत मोठे अंतर असते, कारण पहिला ठरावीक चाचणीचक्रावर मोजला जातो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या ३०.२ युनिट क्षमतेच्या विद्युत आवृत्तीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. वर धरलेल्या सहा किलोमीटरच्या हिशेबाने तो सुमारे १८० येतो. २०२४ पासून टाटा मोटर्स प्रमाणित आकड्यासोबत प्रत्यक्ष वापरातील अपेक्षित पल्लाही देऊ लागली, हे स्वागतार्ह आहे. दिल्लीत मे-जूनमधील वातानुकूलन आणि जानेवारीतील थंडी हे दोन्ही पल्ल्यातून आपापला वाटा काढून घेतात.

आता या पल्ल्याची किंमत पाहू. प्रत्यक्ष शंभर किलोमीटर वाढवण्यासाठी साधारण साडेसोळा युनिटची जादा बॅटरी लागते. ११५ डॉलर दराने आणि डॉलरला ८५ रुपये धरून तिची किंमत सुमारे १ लाख ६० हजार रुपये होते. दुसऱ्या बाजूस १५ अँपिअरचा साधा प्लग तीन किलोवॉटने आठ तासांत २४ युनिट देतो, म्हणजे प्रत्येक रात्री सुमारे १४५ किलोमीटरची बेगमी. सरोजिनी नगर ते कार्यालय आणि परत या प्रवासाची गरज वीस किलोमीटरची आहे. तात्पर्य असे की, ज्याच्या मोटारीपाशी प्लग आहे त्यास दैनंदिन वापरासाठी लहान बॅटरी पुरते. ज्याच्यापाशी तो नाही, तो आठ-दहा दिवसांतून एकदाच केंद्रावर जावे लागावे म्हणून मोठी बॅटरी मागतो. लांब पल्ल्याची मागणी ही काही अंशी नसलेल्या प्लगची खासगी भरपाई असते, आणि ती भरपाई शंभर किलोमीटरला दीड लाखाच्या पुढे जाते.

'काही अंशी' हे शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत. दुसरे एक कारण खरेखुरे आहे. मेट्रोने रोजचा प्रवास स्वतःकडे घेतल्यावर मोटारीसाठी उरतो तो आग्रा, जयपूर, देहरादून यांसारखा दोन-अडीचशे किलोमीटरचा प्रवास, लग्नकार्य आणि गावची सुटी. मेट्रोमुळे मोटारीचे वार्षिक किलोमीटर घटतात, त्यामुळे विद्युत मोटारीची बचतही घटते. त्याच वेळी उरलेल्या प्रवासात लांब पल्ल्याचे महत्त्व वाढते. सार्वजनिक वाहतूक सुधारली की विद्युत मोटार आपोआप फोफावेल, असे मानणाऱ्यांनी हा परिणाम ध्यानात घेतलेला दिसत नाही. पुण्या-मुंबईचे चित्र थोडे निराळे आहे. दीडशे किलोमीटरचे ते अंतर आजच्या मध्यम बॅटरीच्या आवाक्यात आहे, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विद्युत मोटारींना पथकरातून सूट देऊन नेमक्या लांबच्या प्रवासावर सवलत ठेवली.

घरमालक, भाडेकरू आणि प्लग

अर्थशास्त्रात विभक्त प्रोत्साहनाची समस्या प्रसिद्ध आहे. खर्च घरमालकाने करायचा आणि लाभ भाडेकरूला व्हायचा, अशी स्थिती असली की गुंतवणूक होत नाही. सरकारी निवासस्थान हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील कर्मचारी बदलीपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंतच राहतो. स्वतःच्या खर्चाने खाली अंगणापर्यंत तार ओढण्यात त्यास रस नसतो आणि तसा अधिकारही नसतो. जुन्या वस्तीत मीटर घरापाशी आणि मोटार खाली गल्लीत कडुनिंबाखाली; दोहोंच्या मध्ये जिना, सामायिक जागा आणि परवानगी.

येथे घरमालक स्वतः केंद्र सरकार आहे. तेच सरकार अवजड उद्योग मंत्रालयामार्फत विद्युत वाहनांना प्रोत्साहन देते, ऊर्जा मंत्रालयामार्फत चार्जिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढते आणि गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयामार्फत निवासस्थाने बांधते व वाटते. फेम योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला (नंतर ती साडेअकरा हजार कोटी झाली) आणि ३१ मार्च २०२४ रोजी संपला. खासगी वापराच्या मोटारी त्यातून वगळलेल्या होत्या. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही त्यांना अनुदान नाही. हे धोरण मला योग्य वाटते. दहा-पंधरा लाखांची मोटार घेणाऱ्यास तिजोरीतून रोख देण्यापेक्षा बस, रिक्षा आणि दुचाकी यांना अग्रक्रम देणे न्यायाचे आहे. पीएम ई-ड्राइव्हच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी राखले आहेत, ही तरतूद पूरक वस्तूकडे वळली आहे एवढे खरे.

ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ आणि २०२२ च्या तत्त्वांनी शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत किमान एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे प्रमाण सुचवले. नकाशावर ही चौकट नीटनेटकी दिसते. परंतु रात्री मोटार चौकटीत उभी नसते. ती आपापल्या घराखाली उभी असते. म्हणून फेब्रुवारी २०१९ मधील आदर्श इमारत उपविधींची दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. तिने नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के जागा विद्युत वाहनांसाठी सज्ज ठेवण्यास सांगितले. दिल्ली सरकारच्या ऑगस्ट २०२० च्या विद्युत वाहन धोरणानेही तेच प्रमाण धरले आणि पहिल्या ३० हजार खासगी चार्जिंग केंद्रांना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले.

याच दिल्ली धोरणात पहिल्या एक हजार मोटारींना बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे १० हजार, कमाल दीड लाख रुपये, अनुदान होते. ती संख्या २०२१ मध्ये पूर्ण झाली आणि अनुदान पुढे चालू ठेवले गेले नाही. महाराष्ट्राने जुलै २०२१ च्या धोरणात दीड लाखांपर्यंतच्या सवलतीवर, ३१ डिसेंबर २०२१ पूर्वी खरेदी करणाऱ्यास आणखी एक लाखापर्यंतची भर घातली. पुढे ती मुदत वाढवण्यात आली. दोन्ही सवलती प्रतीक्षेला दंड लावणाऱ्या होत्या आणि तेवढ्यापुरत्या परिणामकारकही. पण बॅटरीच्या युनिटवर अनुदान दिले की मोठ्या बॅटरीस मोठे अनुदान मिळते, आणि दीड लाखांच्या मर्यादेपर्यंत सरकार प्लगच्या अभावाची खासगी भरपाईच पुरस्कृत करते. सहा हजारांचे अनुदान आणि दीड लाखांचे अनुदान एकाच धोरणात शेजारी शेजारी होते. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती दुसऱ्याची.

कर आणि बंदी

प्रतीक्षेचे गणित करांमुळेही बदलते. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्के व उपकर यांऐवजी १८ टक्के करण्यात आला. विद्युत मोटारींचा दर ५ टक्केच राहिला. करपूर्व किंमत सहा लाख असलेल्या पेट्रोल मोटारीवरील कर, उपकर एक टक्का धरल्यास, १ लाख ७४ हजारांवरून १ लाख ८ हजारांवर आला. आपल्या उदाहरणातील अडीच लाखांचा फरक त्यामुळे ३ लाख १६ हजार होतो, आणि घरी प्लग असलेल्या कुटुंबाचाही भरपाईचा काळ पावणेसातवरून सुमारे साडेआठ वर्षांवर जातो. बहुतेक उत्पादकांची बॅटरीवरील हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, हे लक्षात घेतले की या वाढीचा अर्थ कळतो. २०२५ मध्ये काही मोटारींवर त्याहून दीर्घ हमी देऊ केली गेली, त्यामागे हीच शंका दूर करण्याचा हेतू असावा. जुन्या बॅटरीची प्रकृती विक्रेत्यास ठाऊक असते, खरेदीदारास नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबाबत मांडलेली माहितीच्या विषमतेची कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडते.

दिल्लीत पारडे दुसरीकडे झुकवणारे घटकही आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना प्रतिबंध घातला, पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरही तशीच बंदी आली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा निर्णय मात्र काही दिवसांतच मागे ठेवावा लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कठोर कारवाईस तात्पुरता आळा घातला. हिवाळ्यात हवा अतिदूषित झाली की श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो आणि बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. विद्युत मोटारींना ते बंधन नाही. बंदीची धमकी थांबण्याचा खर्च वाढवते. ती लागू होऊन पुन्हा सैल झाली की ग्राहक तीही आपल्या अपेक्षेत धरून चालतो, टियागोच्या मुदतवाढीप्रमाणेच.

प्रतीक्षेचे पात्र बदललेले आहे, हेही नोंदवले पाहिजे. ३१ मार्च २०१६ रोजी टेस्लाने ३५ हजार डॉलरच्या मॉडेल ३ ची नोंदणी एक हजार डॉलर घेऊन सुरू केली, तेव्हा भारतातूनही काहींनी पैसे भरले. टेस्लाचे पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते जुलै २०२५ मध्ये, आणि तेथील मॉडेल वाय ची सुरुवातीची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपये होती. मधल्या नऊ वर्षांत देशातील परवडणाऱ्या मोटारीचे काम रांजणगाव, साणंद, चाकण आणि हलोल येथील कारखान्यांनी पुढे नेले. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरने तर बॅटरी मोटारीपासून वेगळी काढून दाखवली: १३.५० लाखांऐवजी ९.९९ लाख रुपये आणि वर बॅटरीसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये. आपल्या उदाहरणातील ८,००० किलोमीटरच्या कुटुंबास हे भाडे वर्षाला २८ हजार पडते. साडेतीन लाखांची बचत अशा भाड्यात साडेबारा वर्षे पुरेल; टॅक्सीचालकास मात्र ती अडीच वर्षांत संपेल.

सरोजिनी नगरातील २५ किंवा ३० वर्षांच्या देखभालीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यापुढे प्रश्न याहून साधा आहे. वाहनतळाच्या स्लॅबमध्ये विजेची नळी बांधकामाच्या वेळीच टाकली, तर तिचा खर्च सदनिकेच्या खर्चात दिसतही नाही. नंतर टाकायची, तर काँक्रीट फोडावे लागते, भार वाढवून घ्यावा लागतो आणि प्रत्येक रहिवाशाची संमती गोळा करावी लागते. वीस टक्के जागांना प्लग मिळाला, तर त्या जागा कोणाच्या, हेही ठरवावे लागेल: ज्येष्ठतेने, पाळीने की आठवड्याच्या वारांनी. रोज वीस किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस आठवड्यातून एक रात्र पुरते. त्या हिशेबाने पाचांपैकी एक प्लग पाच मोटारींचे काम भागवू शकतो, जर सकाळी मोटार हलवण्याची शिस्त वसाहतीत असेल.